मान तिरकी करून वाचतो, त्याला तसंच वाचू द्या

प्रश्न : माझ्या मुलाला स्टारगार्ट हा डोळ्यांचा आजार आहे. लेखनिक घेऊन दहावी झाला, ७१ टक्के पडले. पुस्तक अगदी नाकाशी धरून, मान तिरकी करून वाचतो. त्याचे वडील ‘सरळ बघ’ म्हणून रागावतात. त्याला वकील व्हायचंय. नातेवाईक मिळून सव्वा लाखाचा कॅमेऱ्याचा चष्मा घेऊन द्यायला तयार आहेत, तो छापलेलं वाचून दाखवतो म्हणे. घ्यावा का? आणि वकिली त्याला झेपेल का? – एक आई, सांगली जिल्हा

ताई, सप्रेम नमस्कार.

पैसे अजून भरले नसतील तर थांबा. पण चष्म्याआधी मानेचं बोलू.

स्टारगार्टमध्ये दृष्टिपटलाचा मधला भाग निकामी होत जातो. अक्षराकडे थेट पाहिलं की नेमकं तेच अक्षर पुसट होतं. मान तिरकी केली की ते कडेच्या शाबूत भागावर पडतं आणि दिसतं. लो व्हिजन क्लिनिकमध्ये, म्हणजे कमी दिसणाऱ्यांसाठीच्या दवाखान्यात, मुलांना हेच मुद्दाम शिकवतात. तुमच्या लेकाने ते कुणी न सांगता शोधून काढलंय. हे त्याच्या वडिलांना आजच वाचून दाखवा. या आजारात बहुतेकांची बाजूची नजर टिकून राहते, म्हणून साधनही तिला जोड देणारं हवं.

दुसऱ्याला लागू पडलं ते आपल्याला पडेलच असं इथे होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. तिचं उलटं, मधलं दिसतं, कडा गेल्यात. किल्लीच्या भोकातून पाहावं तसं. तिच्या हातात मोठं भिंग दिलं तर एकच अक्षर भोकभर होतं आणि शब्द हरवतो. तुमच्या मुलाला मात्र अक्षर मोठं केल्याने फायदा होईल.

आता तो चष्मा. तो पान वाचून दाखवेल, पण वकिलीचा अभ्यास म्हणजे नुसतं पान ऐकणं नव्हे. कलमावरून मागे व्याख्येकडे जायचं, परंतुक (कलमाला जोडलेली अट) पुन्हा वाचायचं, एखादा शब्द निकालपत्रात शोधायचा, खूण करून ठेवायची. त्याला लॅपटॉप आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, लागतं. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, मराठीही वाचतो. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकल करन या स्वतः अंध असलेल्या प्रोग्रामरने तो सुरू केला. पहिले काही दिवस तो यांत्रिक आवाज मुलांना नकोसा होतो. रोज अर्धा तास ऐकू द्या. कान सरावले की मुलं वेग वाढवत नेतात. अँड्रॉइड फोनमधलं टॉकबॅक, म्हणजे फोनचा स्क्रीन रीडर, तोही तेव्हाच चालू करा.

काही वर्षांपूर्वी मीच एका विद्यार्थ्याला वाचून दाखवणारं महागडं यंत्र घ्यायला सांगितलं होतं. त्याच्या कॉलेजात सगळा अभ्यास हाताने लिहिलेल्या नोट्सच्या झेरॉक्सवर चालायचा. यंत्राला त्यातलं धड काही वाचता येईना, ते खोक्यातच राहिलं. ती चूक अजून सलते. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न असतो : वाचायचं काय आहे?

मराठीत आणखी एक अडचण येते. जुन्या फाँटमधल्या, युनिकोड (अक्षरं साठवायची आजची सर्वमान्य पद्धत) नसलेल्या पीडीएफ स्क्रीनवर स्वच्छ दिसतात, पण स्क्रीन रीडर त्यातून नुसती अगम्य बडबड करतो. पोराला वाटतं आपलंच काही चुकलं. तसं नाही, फाइल बदलून मागायची. २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात स्क्रीन रीडरने वाचता येणारी पुस्तकं आहेत. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर सदस्य होता येतं.

तरीही डोळ्यांनी वाचायला काहीतरी हवंच : फॉर्म, पावती, फळ्याचा फोटो. त्यासाठी हातात धरायचा इलेक्ट्रॉनिक मॅग्निफायर पाहा, पण आधी लो व्हिजन तपासणी करून, किती मोठं अक्षर लागतं ते लिहून घेऊन. दुकानात चकचकीत नमुना-पानावर सगळंच छान दिसतं. त्याचं स्वतःचं पुस्तक न्या, सलग वीस मिनिटं वाचू द्या आणि मग काय वाचलं ते विचारा. सगळं लक्ष अक्षरं जुळवण्यातच गेलं असेल तर त्याला सांगता येणार नाही, मग ते साधन अभ्यासाला उपयोगाचं नाही. बिघडलं तर दुरुस्ती कुठे, हेही विचारा. मुंबईला जाणं झालं तर सेंट झेवियर्स कॉलेजमधल्या दृष्टिबाधितांसाठीच्या केंद्राला फोन करून जाऊन या.

वकिली झेपेल का? झेपेल. ३ मार्च २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की केवळ दृष्टिदोषामुळे कुणाला न्यायिक सेवेतून वगळता येणार नाही. म्हणजे पुढे न्यायाधीशपदाची परीक्षा द्यायचीही वाट मोकळी आहे. अकरावीला कला घ्या किंवा वाणिज्य, कायद्याला दोन्ही चालतात. मला विचाराल तर कला; हिशेबाचे लांबलचक रकाने भिंगाखाली फार छळतात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी अपंगत्व ओळखपत्र, काढलं नसेल तर प्रवेशाच्या गर्दीआधी काढा. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर उच्च शिक्षणात राखीव जागा आहेत, आणि लेखनिक, जादा वेळ मागतानाही हे कार्ड उपयोगी पडतं.

सुट्टी संपायच्या आत त्याला घेऊन या. येताना त्याचं इतिहासाचं पुस्तक आणा, त्याने वापरलेलं, आणि शक्य झालं तर त्याच्या वडिलांनाही.