आई गेल्याचं स्वप्न वारंवार पडतं आणि स्वप्नात मला रडूही येत नाही. याचा अर्थ काय?

तुमच्या प्रश्नात बऱ्याच गोष्टी एकत्र गुंतल्या आहेत. आई ठणठणीत असताना ती गेल्याचं स्वप्न काही महिन्यांपासून पडतंय. त्यात तुम्ही रडत नाही, शांतपणे घर आवरत असता. एकदा स्वतःचंच प्रेत दिसलं. स्वप्नं पहाटेची आहेत म्हणून ती खरी होतील अशी धास्ती आहे. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "मनात कुठेतरी मला तसंच व्हावंसं वाटतंय का? आईला हे सांगावं का?"

मी समुपदेशक आहे. जवळचं माणूस गमावलेल्यांशी बोलणं हा माझ्या कामाचा मोठा भाग, त्यामुळे मृत्यूची स्वप्नं पुष्कळ ऐकली आहेत. आधी पहाटेचा मुद्दा निकालात काढू, कारण भीतीचा अर्धा भाग तिथेच अडकलेला दिसतोय.

मध्यरात्रीनंतरची स्वप्नं खरी होतात, हे रोमन कवी होरेसनेही लिहून ठेवलंय, इतकी ही समजूत जुनी आहे. तिच्यामागचं कारण झोपेच्या रचनेत आहे. १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतला तो टप्पा नोंदवला ज्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात. त्याला आपण रेम झोप म्हणतो. साधारण दीड तासाने तो परत परत येतो आणि रात्र सरत जाते तसा लांबत जातो. ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं मुख्यतः याच टप्प्यात पडतात. पहाटेचा टप्पा सगळ्यात मोठा, आणि बहुतेकदा आपण त्यातूनच थेट जागे होतो, म्हणून तेवढंच स्वप्न लख्ख आठवतं. त्या वेळी भावनांशी, विशेषतः भीतीशी निगडित असलेला मेंदूतला अमिग्डाला हा भाग चांगलाच जागा असतो आणि तर्काने तपासून पाहणारा कपाळामागचा भाग बराच मंदावलेला असतो. म्हणून स्वप्नातलं मरण त्या क्षणी शंभर टक्के खरं वाटतं. "पण आई तर कालच फोनवर बोलली" असं म्हणणारं त्या वेळी आत कोणी नसतं.

यावरून स्वप्न एवढं खरं का वाटतं ते कळतं. ते भविष्य सांगतं का, हा प्रश्न वेगळा. त्यावर एका मानसोपचारतज्ज्ञाने खरोखर हिशेब मांडायचा प्रयत्न केला होता. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधल्या ॲबरफॅन गावावर कोळशाच्या खाणीतल्या कचऱ्याचा डोंगर घसरला. १४४ माणसं गेली, त्यात ११६ मुलं होती. जॉन बार्कर या मानसोपचारतज्ज्ञाने वर्तमानपत्रातून आवाहन केलं की ज्यांना आधीच चाहूल लागली होती त्यांनी कळवावं. ७६ पत्रं आली. काही खरंच अंगावर काटा आणणारी होती. पण ही सगळी पत्रं दुर्घटनेनंतरची. म्हणून १९६७ मध्ये बार्कर यांनी घटना घडण्याआधीच स्वप्नं आणि पूर्वसूचना नोंदवून घेणारा कक्ष सुरू केला. शेकडो लोकांनी कळवलं, आणि त्यातल्या बहुतेक गोष्टी कधी घडल्याच नाहीत. न घडलेली स्वप्नं आपण मोजत नाही, एवढाच तो प्रकार आहे. जगात रोज रात्री किती माणसांना जवळच्याच्या मरणाचं स्वप्न पडत असेल याची कल्पना करा. त्यातलं एखादं योगायोगाने जुळलं की त्याची कहाणी होते, बाकीची चहा होईपर्यंत विसरली जातात. तुमच्याच बाबतीत बघा, इतके महिने स्वप्न पडतंय आणि आई ठणठणीत आहे.

आता न रडण्याकडे येते. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे.

मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याने स्वप्नांवरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात (छापलेलं वर्ष १९००, पण बाजारात आला १८९९च्या नोव्हेंबरातच) जिवलगांच्या मृत्यूच्या स्वप्नांचे दोन गट केले आहेत. एकात स्वप्न पाहणाऱ्याला दुःख होतं, दुसऱ्यात होत नाही. दुसऱ्या गटासाठी त्याने दिलेलं उदाहरण मला आजही फार मोलाचं वाटतं. एका तरुणीला स्वप्न पडलं की तिचा भाचा कार्ल छोट्या शवपेटीत आहे, हात जुळवलेले, भोवती मेणबत्त्या. त्याचा मोठा भाऊ ओटो पूर्वी गेला होता, तेव्हाचंच हुबेहूब दृश्य. आणि तिला जरासुद्धा दुःख झालं नाही. ती हादरली: मी इतकी दुष्ट आहे का? बोलता बोलता उलगडलं ते असं. तिचं एका माणसावर प्रेम होतं, ते नातं पुढे गेलं नाही, आणि बऱ्याच काळानंतर तो तिला पुन्हा दिसला तो ओटोच्या शवपेटीपाशी. त्याला आणखी एकदा बघण्याची ओढ होती, आणि स्वप्नाने तो आधी भेटला होता तोच प्रसंग परत उभा केला. कार्लच्या मरणाशी स्वप्नाला काही देणंघेणंच नव्हतं. दुःख झालं नाही कारण दुःख करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

फ्रॉइडच्या पुष्कळ गोष्टी आज मागे पडल्या आहेत. दुःखासकट पडणाऱ्या स्वप्नांबद्दल तो म्हणतो की लहानपणी कधीतरी आलेली 'हा नको' ही इच्छा त्यात उरलेली असते. ते प्रत्येक वेळी लागू होतं असं मला वाटत नाही. पण तिथेही त्याने बजावलंय की ही आजची इच्छा समजू नये. लहान मुलाला मरण म्हणजे 'निघून जाणं' एवढंच कळतं. तेव्हा तुमच्या "मला तसंच व्हावंसं वाटतंय का" या प्रश्नाला, सगळ्यामागे इच्छा शोधणाऱ्या फ्रॉइडकडूनही सरळ होकार मिळणार नाही. इच्छेपेक्षा काळजी स्वप्नात जास्त येते असा माझा तरी अनुभव आहे. "मनी वसे ते स्वप्नी दिसे" म्हणतात ते बरोबर, पण मनात वसतं ते सगळं हवंहवंसं थोडंच असतं!

त्या तरुणीच्या गोष्टीतून मी उचललेली सवय सांगते. मृत्यूचं स्वप्न कोणी सांगायला लागलं की मी 'कोण गेलं' यावर फार रेंगाळत नाही. 'नंतर तुम्ही काय करत होता' असं विचारते. अर्थ बहुतेकदा तिथे सापडतो. कोणी स्वप्नात सारखा फोन लावत असतं आणि तो लागत नाही. जागेपणी त्या माणसाशी बोलणं तुटलेलं असतं. कोणी मृत्यूची बातमी घरातल्या इतरांपासून लपवत असतं, आणि जागेपणी घरात सगळ्यांना सांभाळून घेण्याचं कामही त्याच्याचकडे असतं. कोणी गेलेल्या माणसावर भयंकर चिडलेलं असतं. कोणी उशिरा पोचतं. मरण सगळीकडे तेच, प्रत्येकाची धडपड निराळी.

तुम्ही आवरत असता. काय आवरता ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून छातीठोकपणे काही सांगणार नाही. पण स्वतःला विचारून बघा: कपाट असतं की कागदपत्रं? तुम्ही एकटे असता की भावंडं बघत उभी असतात? हलकं वाटतं, की हे संपवलंच पाहिजे अशी घाई असते? वय वाढत चाललेल्या आईवडिलांच्या मुलांना एक जाणीव हळूहळू होते, की आता आपण मोठे, पुढचं सगळं आपल्यावर येणार. ती जाणीव उघड बोलायची सोय नसते, कारण बोललं तर अभद्र वाटतं. मग ती झोपेत कामाला लागते. हा माझा अंदाज आहे. तुमच्या आयुष्यात काही महिन्यांपूर्वी नेमकं काय बदललं (घर, नोकरी, आईचं तुमच्यावर अवलंबून राहणं, किंवा उलट), ते ठाऊक असल्याने त्याची पारख तुम्हीच करू शकाल.

आणि रडू न येणं म्हणजे प्रेम नसणं, असं मुळीच नाही. प्रत्यक्ष मृत्यूनंतरही कित्येक माणसं पहिले काही दिवस कोरडी असतात, कामं उरकत राहतात.

स्वतःच्या प्रेताबद्दल. स्वप्नात मेलं तर माणूस खरंच मरतो, ही समजूत तुमच्यासारखी स्वप्नं सांगायला जिवंत असलेली असंख्य माणसं रोज खोटी ठरवतात. फ्रॉइडने १९१५ मध्ये मार्मिक निरीक्षण केलंय: स्वतःच्या मृत्यूची कल्पना आपल्याला करताच येत नाही, करायला जावं तर आपण तिथे प्रेक्षक म्हणून उरतोच. तुम्हीही बाजूला उभं राहून बघत होता.

इथे कार्ल युंग या मानसोपचारतज्ज्ञाचा, फ्रॉइडच्या एकेकाळच्या सहकाऱ्याचा, रस्ता जास्त उपयोगी पडतो. स्वप्नातलं प्रत्येक पात्र पाहणाऱ्याच्याच मनाचा एखादा अंश असू शकतं, असं तो मानायचा. १८ डिसेंबर १९१३ च्या रात्री त्याला स्वप्न पडलं की एका अनोळखी माणसाच्या साथीने त्याने जर्मन पुराणकथेतला वीर सीगफ्रीड याला गोळी घालून मारलं. मग प्रचंड पाऊस आला, पुरावा वाहून गेला, पण अपराधाची भावना असह्य झाली. जाग आल्यावर त्याला वाटलं की हे स्वप्न समजलं नाही तर स्वतःलाच गोळी घालावी लागेल, आणि उशाजवळच्या खणात भरलेलं पिस्तूल होतं. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की सीगफ्रीड म्हणजे त्याचीच 'मी म्हणेन ते करून दाखवीन' ही वृत्ती. त्याच वर्षी फ्रॉइडशी त्याचं नातं तुटलं होतं, आणि ती वृत्ती आता त्याला पुरी पडणार नव्हती.

'स्वप्नात मृत्यू म्हणजे नवी सुरुवात' हे वाक्य तुम्ही ठिकठिकाणी वाचलं असेल. ते बरंचसं युंगचंच, पण पाणी घालून पातळ केलेलं. त्याच्या स्वप्नात नव्या सुरुवातीचा आनंद कुठेच नाही. अपराध आहे, शोक आहे. जुनं काही टाकताना, ते आपल्याच भल्यासाठी असलं तरी, काहीतरी मेल्यासारखंच वाटतं. 'साप म्हणजे शत्रू, दात पडला म्हणजे मृत्यू' छापाचे स्वप्नकोश तर मी हातातही धरत नाही. त्यात स्वप्न पाहणाऱ्याला एकही प्रश्न विचारलेला नसतो.

तुम्ही विचारलं नाहीये, पण हे वाचणाऱ्यांत कोणी असेल म्हणून लिहिते: खरोखर गेलेली माणसं स्वप्नात जिवंत दिसणं हा अगदी वेगळा अनुभव. ती येतात, निरोप घेतात, सल्ला देतात, कधी नुसती बसतात. अमेरिकेत बफेलोच्या हॉस्पिसमध्ये क्रिस्टोफर केर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या ५९ रुग्णांशी बोलून २०१४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ८८ टक्के रुग्णांनी त्या काळात निदान एक तरी स्वप्न किंवा दृश्य अनुभवल्याचं सांगितलं. मृत्यू जवळ येत गेला तशी गेलेली माणसं त्यात जास्त दिसू लागली, आणि त्याच स्वप्नांनी सर्वाधिक दिलासा दिला. कोणाला अशी स्वप्नं पडत असतील तर ती 'थांबवायला' धावू नका.

काळजी कधी करायची? स्वप्नाच्या भीतीने झोपायलाच नको वाटत असेल, दिवस बिघडत असेल, किंवा एखाद्या अपघाताचा, हिंसेचा प्रसंग जसाच्या तसा परत दिसत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. रक्तदाबाच्या आणि नैराश्यावरच्या काही औषधांनीही भयंकर स्वप्नं वाढतात, तेव्हा नवीन गोळी सुरू झाली असेल तर डॉक्टरांना तेही सांगा. स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि स्वतःच्या मरणाच्या स्वप्नातून जागं झाल्यावर 'खरंच झालं असतं तर बरं' असं वाटत असेल, तर वाट बघू नका, त्याच दिवशी कोणाशी तरी बोला.

एवढं टोकाचं नसेल तर घरी करून बघण्यासारखा एक उपाय आहे. दुःस्वप्नांवर तो बऱ्यापैकी तपासला गेलाय. बॅरी क्रॅकाव आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये लैंगिक अत्याचारातून गेलेल्या स्त्रियांवर त्याचा मोठा अभ्यास केला होता. दिवसा, नीट जागं असताना, स्वप्न लिहून काढायचं. मग त्यात तुम्हाला हवा तो बदल करायचा. आईला जिवंत केलंच पाहिजे असं नाही. आवरताना कोणीतरी मदतीला आलं, एवढाही बदल चालतो. हे नवं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं डोळे मिटून मनात चालवायचं. गंमत अशी की लोक जो बदल निवडतात, त्यावरूनच कधीकधी मूळ स्वप्नात काय सलत होतं ते कळतं.

राहिलं आईला सांगणं. जाग आल्या आल्या, घाबऱ्या आवाजात फोन करून सांगू नका. ती दिवसभर तुमचीच काळजी करेल. काही दिवस जाऊ द्या. मग बोलायचंच झालं तर स्वप्नापेक्षा त्यामागचं बोला: पुढे कुठे राहायचं तिच्या मनात आहे, आजारपण आलं तर तिला काय हवं, काय नको, कागदपत्रं कुठे आहेत. वयस्क माणसांनी याचा विचार आपल्याआधीच केलेला असतो आणि मुलं विषय काढत नाहीत म्हणून ती गप्प असतात. त्या बोलण्यात स्वप्नाचा उल्लेख आला तर येऊ द्या, नाही आला तरी काही अडत नाही.