एस्प्रेसो मार्टिनीवर फेस का धरत नाही? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बारमध्ये एस्प्रेसो मार्टिनी या व्होडका-कॉफीच्या कॉकटेलवर बोटभर फेस असतो. घरी केली की नुसतं काळं पाणी दिसतं. आम्ही इन्स्टंट कॉफी वापरतो. एस्प्रेसो मशीन घ्यावंच लागेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : मशीन नको. व्होडकाची महागडी बाटलीही नको, कारण फेस कॉफीतून येतो. कॉफीतली प्रथिनं आणि भाजताना तयार झालेली द्रव्यं हवेच्या बुडबुड्यांभोवती पापुद्रा धरतात. कॉफी पातळ असेल तर तो लगेच फुटतो. इन्स्टंट फेसाळते, हे फेटलेली कॉफी पिणाऱ्या घराला वेगळं सांगायला नको. तेव्हा चूक प्रमाणात किंवा हलवण्यात असणार.

एका ग्लासला व्होडका ५० मिली, कॉफी लिक्युर (कॉफीच्या चवीचं गोड मद्य) ३० मिली, कॉफी ३० मिली आणि साखरेचा पाक १० मिली घ्या. पाकाला साखर-पाणी समसमान. कॉफी म्हणजे ३० मिली उकळत्या पाण्यात चहाचे दोन सपाट चमचे इन्स्टंट. पिऊन पाहिली तर तोंड वाकडं व्हावं इतकी कडक. पाकीट उलटून चिकोरीचं (कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या पुडीचं) प्रमाण वाचा, कारण चिकोरी-मिश्रणात कॉफी निम्म्याहून थोडीच जास्त असली तरी नियमात बसते. शुद्ध कॉफीचं पाकीट घ्या.

आता बर्फ. इथेच बहुतेकांचं बिघडतं. ट्रेमधून काढून भांड्यात ठेवलेला बर्फ पाझरू लागतो आणि ते पाणी थेट पेयात उतरतं. कॉफी करून वाटी गार पाण्यात दोन मिनिटं ठेवा, व्होडका-लिक्युर-पाक शेकरमध्ये (कॉकटेल हलवायच्या झाकणाच्या भांड्यात) घाला, शेवटी कॉफी, आणि मग फ्रीझरमधून काढल्या काढल्या सात-आठ मोठे खडे. झाकण घट्ट लावून पंधरा सेकंद जीव तोडून हलवा. हळुवार हलवलं तर पेय गार होतं, पण त्यात हवा शिरत नाही. शेकर नसेल तर जिमची प्रोटीनची बाटली चालते, मात्र तिला वास किंवा तेलकटपणा नको. तेलाचा अंश फेस मारतो. काचेच्या बरणीत बर्फ आपटू नका. वाफाळती कॉफी बंद करून हलवली तर दाबाने झाकण उडतं, तेही लक्षात ठेवा.

चहाच्या बारीक गाळणीतून झरझर ओता. ग्लास आधीच अर्धा तास फ्रीझरमध्ये असू द्या. ओतल्यावर सगळं तपकिरी दिसतं; अर्ध्या मिनिटात काळं खाली बसतं, फेस वर येतो. तेवढं थांबा, लगेच चमचा घालू नका. वर कॉफीचे तीन दाणे ठेवायची पद्धत आहे. आपल्याकडे किंचित जायफळ किसलं तर जास्त शोभतं, असं आमचं मत.

(डिक ब्रॅडसेल या बारटेंडरने १९८० च्या दशकात लंडनच्या सोहो भागात हे पेय केलं तेव्हा त्याचं नाव व्होडका एस्प्रेसो होतं. मार्टिनी ते केवळ मार्टिनी कॉकटेलच्या दांडीवाल्या ग्लासमुळे झालं. तेव्हा तो ग्लास घरात नसेल तर अडून बसू नका.)

प्रश्न : स्टीलच्या फिल्टरचं डिकॉक्शन चालेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : चवीला इन्स्टंटपेक्षा सरस. २० ग्रॅम पूड, वरून ८० मिली कढत पाणी. खाली साधारण ४० मिली उतरतं. पूड चिकोरीविरहित हवी, कारण गार आणि गोड पेयात चिकोरीचा कडवटपणा पुढे येतो. रात्रभर ठेवलेलं डिकॉक्शन नको. एस्प्रेसोत कोंडलेला वायू डिकॉक्शनमध्ये नसतो, म्हणून फेस थोडा विरळ येईल. मीठ न घालता उकडलेल्या छोल्यांचं दाटसर पाणी १० मिली घाला, फेस धरेल आणि चवीला कळणारही नाही.

प्रश्न : कॉफी लिक्युर फार महाग पडतं. घरी करता येईल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : येईल. ५० ग्रॅम मध्यम भाजलेले दाणे खलबत्त्यात भरड कुटा. ५०० मिली डार्क रममध्ये २४ तास झाकून ठेवा, मग गाळा. दाणे रम शोषतात, त्यामुळे ४०० मिलीच्या आसपास हाती लागेल. २५० ग्रॅम साखर १५० मिली पाण्यात विरघळवून, पूर्ण गार करून त्यात मिसळा, चमचाभर व्हॅनिला घाला. रम नेहमीची ४२.८ टक्के अल्कोहोलची असेल तर तयार लिक्युर २४ टक्क्यांवर येतं.

दाण्यांऐवजी बारीक पूड घातली किंवा ते आठवडाभर भिजवले, तर लिक्युर कडू आणि गढूळ होतं. गूळ घातला तर तळाशी गाळ बसतो. आणि पाक गरम असताना रम ओतू नका, पेटत्या शेगडीजवळ तर नाहीच. अल्कोहोलची वाफ पेट घेते.

प्रश्न : आयरिश कॉफीवर (व्हिस्की घातलेल्या गरम कॉफीवर) क्रीम तरंगत नाही. घरची सायही घालून पाहिली. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : साय घुसळली की लोणी येतं, क्रीम नाही. दुकानातल्या डब्यावर फॅट पाहा. २५ टक्क्यांचं साधं फ्रेश क्रीम फेटून टिकत नाही. ३० ते ३५ टक्क्यांचं दुधाचं व्हिपिंग क्रीम आणा. ते थंडगार असतानाच फेटा, चमच्यावरून सावकाश ओघळेल इतपतच. कडक झालं तर गोळा होऊन बसतं.

दुसरं कारण साखर. व्हिस्कीने कॉफी हलकी होते, साखरेने जड. १२० मिली गरम कॉफी, ५० मिली आयरिश व्हिस्की आणि साखर चहाचे दोन चमचे पूर्ण विरघळलेले हवेत. बिनसाखरेचा हट्ट धरलात तर क्रीम बुडणार. क्रीम चमच्याच्या पाठीवरून, कॉफीला चमचा टेकवून सोडा.

प्रश्न : एस्प्रेसो मार्टिनीत व्होडकाऐवजी काजू फेणी? – एक वाचक, मडगाव

उत्तर : पूर्ण ५० मिली फेणी घातली तर कॉफीचा वासही उरणार नाही. १५ मिली फेणी, ३५ मिली व्होडका; वरून संत्र्याची साल पिळा. हुर्राक (काजूच्या रसाची पहिल्या धारेची सौम्य दारू) मात्र कॉफीत घालू नका, पाणचट लागतं.