गावातलं जुनं घर विकायचंय, आधी रंग-फरशी करून घेतली तर भाव वाढून मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की घर आजोबांच्या काळचं, मातीच्या भिंती, वर कवेलू, गाव दारव्हा तालुक्यातलं, तुम्ही सगळे पुण्याला, आणि विकायच्या आधी दीड-दोन लाख लावून घर चकाचक करायचा विचार आहे. नका करू भाऊ. खेड्यातलं घर म्हणजे काय फ्लॅट आहे का, की गिऱ्हाईक येईल, हॉलमध्ये उभं राहील अन् रंग पाहून बयाणा देईल?

हे आमच्या घरी झालेलं आहे म्हणून बोलतो. मी गावातच असतो, शेती करतो, शेताजवळ बांधून राहतो. मोठा भाऊ नोकरीनं तिकडंच, तुमच्या पुण्याला. आई गेल्यावर जुनं घर विकायचं ठरलं तर दादानं तिथूनच फोनवर पेंटर ठरवला. मी म्हटलं, दादा, आधी ग्रामपंचायतीतून आठ नंबर, म्हणजे घराच्या कराचा उतारा, काढू, नाव कोणाचं चढलंय ते पाहू, मग बाकीचं. तर म्हणे तुला मार्केटिंग कळत नाही. बरं बावा, नाही कळत.

पेंटरनं मातीच्या भिंतीवर सिमेंटचा हात मारला अन् त्यावर प्लास्टिक पेंट. मातीच्या घरात ज्यानं पावसाळे काढलेत त्याला पुढचं सांगायला नको. मातीची भिंत खालून ओल ओढते अन् ती बाहेर निघून जाते, आपल्या बाया सणासुदीला पांढऱ्या मातीचा पोतारा देतात तो काही उगाच नाही, पोताऱ्यानं ओल अडत नाही. सिमेंट थापलं की ती आतच कोंडते. पहिल्याच पावसाळ्यात ओसरीची भिंत गुडघ्याच्या उंचीपर्यंत फुगली, हात लावला की पोपडा हातात.

त्याहून वाईट केलं ते खांबांचं. ओसरीचे सागवानी खांब, आजोबांनी हौसेनं बसवलेले, त्यांना चॉकलेटी ऑइलपेंट! अरे, जुनं घर पाहायला येणारा माणूस आधी लाकूडच पाहतो, खांब किती, म्याल म्हणजे आडव्या तुळया किती, दारं सागाची की बाभळीची, कारण घर पाडलं तरी सागवानाचे पैसे होतात. शेजारच्या गावचे एक काका पाहायला आले. बोलले काहीच नाही, खिशातून गाडीची चावी काढली अन् खांबाच्या बुडाशी खरडत बसले. रंग निघाला, खालून सागाच्या रेषा दिसल्या, तरी समाधान नाही. "हे काऊन रंगवलं बावा? उधई लागली होती का?" उधई म्हणजे वाळवी. दादा व्हिडीओ कॉलवर होता, मी मोबाईल तसाच काकांकडं धरून ठेवला, म्हटलं ऐक तुझं मार्केटिंग.

अन् मग काकांनी तेच विचारलं जे मी आधीपासून बोंबलत होतो. आठ नंबर कोणाच्या नावावर हाय? आजोबांच्या. बाबांनी जन्मभर टॅक्स भरला पण वारसांची नावं चढवलीच नाहीत. बाबाले बहिणी किती? दोन. त्यायच्या सह्या? काका चहा अर्धा ठेवून उठले.

तुमच्या प्रश्नात आत्या, बहिणी यांचा शब्दही नाही, म्हणून एवढं लिहितोय. दादाचं म्हणणं, आत्यांना काय सांगायचं, साडीचोळी करू, सही घेऊ. मला हे तेव्हाही पटलं नाही अन् आताही पटत नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून मुलगी बापाची पहिल्या वर्गाची वारस आहे, २००५ च्या दुरुस्तीनं तर वडिलोपार्जित मालमत्तेतही ती मुलाच्या बरोबरीला आली. आमची जागा आजोबांनी स्वतः घेतलेली होती, म्हणजे सरळ तीन वाटे, दोन आत्यांचे अन् एक बाबांचा, त्या एकात आम्ही दोघं भाऊ. हा हिशोब मांडला तेव्हापासून दादाचं डोकं फिरलंय. आत्यानं स्वतःहून हक्कसोड केलं तर गोष्ट वेगळी, पण तेही रजिस्टर झालेलं पाहिजे, वहीच्या कागदावर "माझी हरकत नाही" लिहून घेतलेलं काही कामाचं नाही.

शेवटी दोन्ही आत्या खरेदीखतात विकणाऱ्या म्हणून आल्या, वाटा घेऊन. थोरल्या आत्याचा अंगठा मशीन घेईना. निंदण-वेचणीत बोटावरच्या रेषाच राहिल्या नाहीत, ऑपरेटर ओल्या फडक्यानं पुसायचा अन् पुन्हा ठेवायला लावायचा, अन् दादा घड्याळ पाहत होता, त्याला संध्याकाळची ट्रॅव्हल्स पकडायची होती.

अन् घेतलं कोणी? मागच्या शेजाऱ्यानं. पोराचं लग्न निघालं होतं, जागा पाहिजे होती. घर पाडलं, रंगासकट. म्हणून सांगतो, आधी शेजाऱ्याला अन् भावकीला विचारा, खेड्यात गिऱ्हाईक बहुतेक तिथंच बसलेलं असतं. नाहीतर घरकुल मंजूर झालेला माणूस, ज्याला स्वतःची जागा नाही. त्यालाही तुमची फरशी नको, जागा पाहिजे. समृद्धी महामार्गात जमीन गेली अन् ज्यांच्या हातात पैसा आला ते आपल्या गल्लीत थोडेच येणार, ते तालुक्याला लेआउटमध्ये प्लॉट घेतात.

कागदाचं अजून एक. आठ नंबर म्हणजे मालकी नव्हे, तो ग्रामपंचायतीचा कराचा उतारा आहे. केंद्राची स्वामित्व योजना २०२० ला आली, त्यात गावठाणाची ड्रोननं मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघते. तुमच्या गावात झाली असेल तर पत्रिकेवर नाव कोणाचं अन् नकाशात हद्द कुठं ते पाहा, कारण ड्रोन उडायच्या आधी चुन्यानं हद्द आखतात, अन् घरवाले पुण्यात असले की शेजारी आखतो तीच हद्द. आमच्याकडं चुना पडला तेव्हा मी तिथं उभा होतो म्हणून बाजूचा बोळ वाचला. दादाला बोळ होता हेच आठवत नव्हतं.

नोटरीवर विकू नका. रजिस्ट्रीचा खर्च घेणाऱ्याचा असतो म्हणून तो म्हणेल स्टँपवर लिहून घेऊ, पण १०० रुपये अन् त्यावरच्या कोणत्याही स्थावराची विक्री नोंदणीशिवाय कायद्यात धरतच नाहीत. नोंदणी फी १ टक्का, अन् ३०,००० च्या वर जात नाही.

घराला करायचंच असेल तर कवेलू फेरून घ्या, गळकं घर कोणी घेत नाही. कोठ्यातला कचरा अन् आंगणातलं गाजरगवत काढा, टॅक्स, पाणीपट्टी, लाइटबिल भरून पावत्या एका पिशवीत ठेवा. पोतारा द्या, बस. अन् दाखवायचं तर कापूस-सोयाबीन विकून लोकांच्या हातात पैसा असतो तेव्हा, दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. पेरणीच्या तोंडावर घर घ्यायला कोणाकडं पैसा आहे?

हां, घर तालुक्याच्या ठिकाणी असेल, नगरपरिषदेच्या हद्दीत, स्लॅबचं, तर रंगानं फरक पडत असेल, तिथं नोकरदार लोक लोन काढून घेतात. अन् मी काही वकील नाही, तुमच्या आजोबांचं मृत्युपत्र असेल किंवा आधीच वाटणी झाली असेल तर वाट्यांचा हिशोब बदलतो, ते तालुक्यातल्या वकिलाला कागद दाखवून विचारा.

अन् दादा, हे तुझ्यापर्यंत पोचेलच, म्हणून इथंच लिहितो. पेंटर तू ठरवला होता, कोणाला न विचारता. त्याचं बिल आधी वजा करून मग वाटे पाडायला पाहिजे होते, हे धाकट्या आत्याला फोन करून सांगणं आता बंद कर. ती देणार नाही अन् मी तिला देऊ देणार नाही.