पुणे ते गोवा इलेक्ट्रिक गाडीने जाताना चार्जिंगचे थांबे कसे ठरवावेत?

तुम्ही लिहिलंय : चौघं जण, त्यात दोन लहान मुलं, ४५ युनिट बॅटरीची नेक्सॉन, दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आंबोलीमार्गे पणजी. साधारण साडेचारशे किलोमीटर. त्याच हिशेबाने सांगतो.

एका चार्जमध्ये ४८९ किलोमीटर, हा कंपनीचा आकडा आधी विसरा. चार माणसं, सामान, एसी आणि ताशी ९०-१०० चा वेग धरला तर शंभर किलोमीटरला १६ युनिट जातात. १०० टक्क्यांवरून २० पर्यंत उतरायचं म्हणजे ३६ युनिट, म्हणजेच सव्वादोनशे किलोमीटर. कोल्हापूर नेमकं तेवढ्याच अंतरावर आहे आणि तिथेच बहुतेक जण फसतात. "एका दमात कोल्हापूर" गाठता येतं, पण तिथला चार्जर बंद निघाला तर हातात फारसं काही उरत नाही. म्हणून प्रत्येक थांब्यावर पोचताना किमान २० टक्के उरले पाहिजेत, आणि तेवढ्यात जाता येईल असा दुसरा चार्जर आधीच हेरून ठेवलेला पाहिजे.

मी सुचवेन तो पहिला थांबा कराड, १६० किलोमीटरवर. खंबाटकीचा चढ धरून तिथे ४० टक्क्यांच्या आसपास पोचाल. ८० पर्यंत भरायला १८ युनिट लागतात, ३० किलोवॅटच्या चार्जरवर पाऊण तास धरा. मुलांचा नाश्ता तेवढ्यात होतो. दुसरा थांबा कोल्हापूर. तिथे ५० च्या वर उरलेले असतील, तरी जेवताना ८५-९० पर्यंत भरून घ्याच, कारण निपाणीला महामार्ग सोडल्यावर उत्तूर-आजरा-आंबोली पट्ट्यात चार्जरची चंगळ नाही. ८० च्या पुढे चार्जिंग मंदावतं, त्यामुळे एरवी त्यापुढे भरत बसणं वेळेचा अपव्यय. फक्त या एका टप्प्यासाठी ते परवडतं.

कोल्हापूर ते सावंतवाडी दीडशेच्या आसपास. वेग कमी आणि शेवटी घाट उतरायचा, त्यामुळे खर्चही कमी येतो. उतारावर रिजन (वेग कमी होताना मोटरनेच बॅटरी भरण्याची सोय) वरच्या पातळीला ठेवा, ब्रेकही तापत नाहीत. मात्र बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर रिजन जवळजवळ मिळतच नाही, म्हणून आंबोलीत मुक्काम केलात तर सकाळी १०० टक्के करून निघू नका. सावंतवाडीत ३५ टक्के उरतील. पणजी आणखी साठ-पासष्ट किलोमीटर, तेव्हा सावंतवाडीतच वीस मिनिटं गाडी चार्जिंगला लावलेली बरी.

चार्जर निवडताना नकाशावरचा ठिपका पुरेसा नाही. प्लगशेअर या चार्जर शोधायच्या ॲपवर गेल्या दोन-चार दिवसांत कुणी तिथे यशस्वी चार्जिंग केलंय का, ते वाचा. दोन गन (गाडीत लावायचे केबलचे प्लग) असलेला ६० किलोवॅटचा चार्जर दुसरी गाडी लागली की बऱ्याचदा ३०-३० वाटून देतो. आणि चार्जर दुभाजकाच्या कोणत्या बाजूला आहे ते आवर्जून बघा. कोल्हापूरकडे जाताना तो उजव्या हाताला असेल, तर वळसा घालून परत यावं लागतं.

गन लावताना केबलच्या वजनाने ती खाली झुकते आणि गाडी-चार्जरचा संवाद अर्ध्यात तुटतो. लॉकचा 'खट्' आवाज येईपर्यंत गन हाताने वर उचलून सरळ धरा, मगच ॲपवरून सुरू करा. तरी एरर आली तर चार्जरवरचं लाल इमर्जन्सी बटण कुणी दाबून ठेवलंय का पाहा. बाणाच्या दिशेने फिरवलं की ते बाहेर येतं. मग गन काढून, गाडी लॉक-अनलॉक करून मिनिटभराने पुन्हा लावा. दोन-तीन कंपन्यांची ॲप घरीच उतरवून, ओटीपी टाकून, वॉलेटमध्ये पाचेकशे रुपये भरून ठेवा. रेंज नसलेल्या ठिकाणी हे होत नाही.

दिवाळीत रांग लागतेच. पहाटे साडेपाचला निघालात तर कराड साडेआठला आणि कोल्हापूर साडेअकराच्या सुमारास, जेवणाच्या गर्दीच्या आधी गाठता येतं.

गोव्यात खोली ठरवताना "पार्किंगपाशी १५ अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग आहे का" हे फोन करून विचारा. अर्थिंग नसेल तर गाडीबरोबर आलेला पोर्टेबल चार्जर फॉल्ट दाखवतो आणि चालू होत नाही. स्वस्तातली एक्स्टेंशन वायर अजिबात नको, रात्रभर तेवढा करंट ओढून ती वितळते. चांगल्या सॉकेटवर दहा तासांत साधारण ६० टक्के भरतात. तो पोर्टेबल चार्जर डिकीत सामानाच्या वर ठेवा, तळाशी नको.

परतीला हिशेब बदलतो. सावंतवाडी ते आंबोली सहाशे मीटरच्या आसपास चढ आहे, त्याला नेहमीच्या खर्चावर तीन-साडेतीन युनिट, म्हणजे ७-८ टक्के जास्त जातात. पणजीहून १०० टक्क्यांनी निघालात तरी कोल्हापूरला वीसच्या आसपास उरतील. घाट चढण्याआधी सावंतवाडीत पंधरा मिनिटं लावूनच वर निघा.