खाऱ्या वाऱ्यातला फ्रीज: दुरुस्ती की नवा?

मालवणच्या किनाऱ्यावरच्या देवबागहून एका ताईंचं पत्र आलंय. घराला लागून पर्यटकांसाठी तीन खोल्या आहेत. तिन्ही मिळून हंगामात साधारण 300 रात्रींचं भाडं येतं. फ्रीज दोन. एक 2006 साली 11,500 रुपयांना घेतलेला, एका दाराचा. त्याचा कॉम्प्रेसर गेलाय, नव्याचे मेकॅनिक 7,500 सांगतो. दुसरा पाच वर्षांपूर्वीचा, दोन दारांचा, 27,000 चा. त्याचं सर्किट बोर्ड एकदा बदललं आणि आता गॅस गळतोय. कुडाळचा दुकानदार म्हणतो, दोन्ही देऊन टाका आणि 42,000 चा मोठा इन्व्हर्टर फ्रीज न्या, 3,500 चे बारा बिनव्याजी हप्ते, वर चार वर्षांची वाढीव वॉरंटी 5,200 ला. रोखीने 39,500. मेकॅनिकचं मत, ‘जुनो ठेवा, असो आता गावचो नाय’, म्हणजे असा आता मिळणार नाही. बँकेत 60,000 ची ठेव आहे. कुणाचं ऐकू?

ताई, मेकॅनिकचं ऐका, पण पूर्ण नाही.

आधी दुकानदाराचा हिशेब. रोखीत 39,500 ची वस्तू हप्त्याने 42,000 ला पडते, वर 700 प्रोसेसिंग फी तुम्हीच लिहिली आहे. मी मांडून पाहिलं, वर्षाला साधारण 15 टक्के व्याज होतं. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना सुनावलं होतं. त्यातून बारापैकी निदान तीन-चार हप्ते भर पावसात येणार, जेव्हा तुमच्या खोल्यांना कुलूप असतं.

वाढीव वॉरंटीचा कागद सही करण्याआधी घरी आणून वाचा. बहुतेक ठिकाणी गंज आणि व्होल्टेजने झालेलं नुकसान वगळलेलं असतं आणि वापर फक्त घरगुती हवा असतो. तुमच्याकडे वस्तू मरतात त्या गंजाने आणि व्होल्टेजने, आणि घरात पाहुणे पैसे देऊन राहतात. मग 5,200 कशाचे? (कायद्याने मात्र तुम्ही ग्राहकच आहात. पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेल्या व्यवसायाकरता घेतलेली वस्तू 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी खरेदी धरत नाहीत. बदललेल्या बोर्डाबद्दल तक्रार असेल तर 1915 वर फोन करा, तो सरकारी ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.)

आता दोन दारांचा फ्रीज. दोन्ही फ्रीज भिंतीपासून पुढे ओढा आणि पाठी बघा. जुन्याच्या पाठीवर गॅसच्या नळीची काळी जाळी दिसेल. ती गंजली तर कापून नवी लावता येते. दुसऱ्याची पाठ सपाट आहे, कारण तीच नळी बाजूच्या पत्र्याआड फोममध्ये पुरलेली असते. गळती तिथे असेल तर पत्रा कापून फोम उकरावा लागतो, आणि इतकं करून पुढच्या वर्षी वीतभर अंतरावर दुसरं भोक पडतं. मेकॅनिककडून गळती कुठे आहे ती एकदा तपासून घ्या. आत असेल तर त्यावर रुपयाही घालू नका.

माझ्या रत्नागिरीच्या घरचं वॉशिंग मशीन सातव्या वर्षी बंद पडलं. मोटर ठणठणीत, ड्रम ठणठणीत. गेलं होतं ते तळहाताएवढं बोर्ड. उघडून पाहिलं तर तांब्याच्या केसासारख्या रेषांवर हिरवट पांढरी बुरशी धरल्यासारखं झालेलं. हवेतलं मीठ बसतं, मीठ ओल धरतं, आणि इतक्या बारीक तांब्याला तेवढं पुरतं. कंपनीने सांगितलं, त्या मॉडेलचं बोर्ड आता येत नाही. 24,000 चं मशीन भंगारवाल्याने 1,100 ला नेलं. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. फ्रान्समध्ये 2021 पासून वॉशिंग मशीनवर ते दुरुस्त करायला किती सोपं आहे याचे गुण छापावे लागत, 2025 पासून त्याजागी टिकाऊपणाचे गुण आले आणि दुरुस्ती त्यातच मोजतात. आपल्याकडे विजेचे तारे छापतात, दुरुस्तीचं दुकानदारालाच विचारावं लागतं.

जुना फ्रीज ठेवायचा की नाही, हे त्याच्या पत्र्यावर आहे. दाराच्या रबराखालचा आणि पायांजवळचा पत्रा अंगठ्याने दाबा. पापुद्रा सुटला किंवा अंगठा आत गेला, तर त्यात 7,500 चा कॉम्प्रेसर बसवू नका. पत्रा कडक असेल तर पुढचा हिशेब बघा.

नवा कॉम्प्रेसर पाच वर्षं चालला असं धरू. वर्षाला 1,500. जुना फ्रीज नव्यापेक्षा वर्षाला 200 युनिट जास्त खातो असा माझा अंदाज आहे, पण तुम्ही तो ऑक्टोबर ते मे एवढाच चालवायचा, म्हणजे जादा 133 युनिट. युनिटला 10 रुपये धरले तर 1,330. एकूण वर्षाला 2,830. त्याच मापाचा साधा नवा फ्रीज 17,000 ला येतो. तो सहा वर्षं टिकला तर वर्षाला 2,833, म्हणजे जेमतेम बरोबरी. तुमचा मागचा नवा फ्रीज पाच वर्षांत गेला. म्हणून जुना दुरुस्त करा.

हंगामात एकावर भागणार नाही, हे मला कळतं. मासळी तुम्ही रोज ताजी आणता, तेव्हा मोठा फ्रीझर नको. दूध, सोलकढी, पाण्याच्या बाटल्या, एवढ्यासाठी एका दाराचा साधा 17,000 चा नवा घ्या, रोखीने. दोन दारांचा एक्स्चेंजमध्ये द्या. दोन्ही मिळून 24,500. ठेवीत 35,500 उरतात आणि ते उरलेच पाहिजेत. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने किनाऱ्यावर किती कौलं उडवली, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एक गोष्ट मात्र याच वर्षी सुरू करा. फ्रीज, गीझर, पंप, वॉशिंग मशीन, मिक्सर, इन्व्हर्टरची बॅटरी, सगळ्यांच्या आजच्या किमती वहीत लिहा. समजा बेरीज 1,08,000 आली. तुमच्या हवेत या वस्तू सरासरी सहा वर्षं धरा, त्याहून जास्त नको. वर्षाला 18,000 झाले, 300 रात्रींवर वाटले तर रात्रीमागे 60 रुपये. खोलीचं भाडं ठरवताना हे 60 रुपये त्यात धरलेले हवेत, आणि पाहुणा गेला की त्याच दिवशी वेगळ्या खात्यात पडायला हवेत. आजवर ते भाड्यात नव्हते, म्हणून प्रत्येक मोडतोड ठेवीवर आली.

नव्या फ्रीजला स्टॅबिलायझर लावा. जुना जूनमध्ये बंद कराल तेव्हा आतून कोरडा पुसून दार बोटभर उघडं ठेवा. आणि मेकॅनिकला चतुर्थीआधी बोलवा. चाकरमानी आले की तो दिवाळीपर्यंत हाताला लागत नाही.