"मॅडम, माझ्या हातात कलाच नाही"

हायस्कूल-ज्युनिअर कॉलेजच्या मुलांकडून हल्ली एक रडगाणं वारंवार ऐकते. गेममधले ठोकळ्यांचे प्राणी स्वतः बनवायचे असतात, सॉफ्टवेअर फुकट मिळतं, व्हिडिओही पाहून झालेले असतात, तरी आपलं काही धड दिसत नाही. मग निकाल लागतो: मला चित्र काढता येत नाही, मला हे जमायचं नाही. आर्वी तालुक्यातल्या एका गावची अकरावीतली मुलगी याच निकालावर येऊन अडली होती. तिला वैशाली म्हणू. नाव खरं नाही, इतर खुणाही बदलल्या आहेत.

आधी आली तिची आई. "मॅडम, पोरगी रातभर डब्बे जोडत रायते, पहाटे सारं पुसून टाकते अन् मंग रडते. पुसाचंच हाय तं बनवते कायले?" आईला हे गेमचं व्यसन वाटत होतं. मला तसं वाटलं नाही. खेळाच्या आहारी गेलेलं मूल खेळ हिसकावला की चिडतं. स्वतःचं काम पुसून रडत बसत नाही.

वैशालीला माइनक्राफ्टसाठी, म्हणजे सगळं जगच ठोकळ्यांचं असलेल्या गेमसाठी, ड्रॅगन करायचा होता. ब्लॉकबेंच नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते ब्राउझरमध्येही उघडतं, त्यामुळे मामेभावाच्या जुन्या लॅपटॉपवर तिचं भागत होतं. त्यात ठोकळे जोडून प्राण्याचा आकार करायचा आणि मग त्यावर पिक्सेल पिक्सेल रंगवून टेक्स्चर, म्हणजे प्राण्याची कातडी, चढवायची. हे सगळं तिनेच मला समजावलं, आणि फार नीट समजावलं.

"ड्रॅगनमध्ये वाईट काय आहे?" मी विचारलं.

"सगळंच."

मी तिला कागदावर तीन रकाने आखायला लावले: आकार, रंग, चाल. डोळ्यांना दिसलेला दोष, तोही दिसला तसाच, त्या त्या रकान्यात लिहायचा. "कला नाही" असा रकाना मुद्दामच ठेवला नाही. खूप वेळ पेन हलला नाही. मग तिने लिहिलं: पोटावर रंग मारला की पायांवरही उमटतो. पंख खांद्याला चिकटतो तिथे पट्टा लुकलुकतो. पाय हलवला की तो मांडीतून न हलता मधूनच गरगरतो.

यातल्या एकाही ओळीचा चित्रकलेशी संबंध नव्हता. ठोकळ्याची कातडी म्हणजे उलगडून सपाट केलेला पुठ्ठ्याचा खोका. आठ बाय आठ बाय आठचं डोकं असेल, तर उलगडल्यावर ते टेक्स्चरच्या कागदावर 32 पिक्सेल रुंद आणि 16 पिक्सेल उंच जागा अडवतं. वैशालीने पोट आणि पाय नकळत एकाच जागेवर ठेवले होते, म्हणून एकाचा रंग दुसऱ्यावर उमटत होता. लुकलुकण्याचं कारण दोन पृष्ठभाग एकाच पातळीत येणं. एक ठोकळा किंचित फुगवला की ते थांबतं. आणि पाय ज्या बिंदूभोवती फिरतो तो बिंदू पायाच्या मधोमध राहून गेला होता, तो वर सांध्यापाशी न्यायचा. ही उत्तरं मी दिली नाहीत, मला ती येतही नव्हती. तिची तिनेच आठवड्याभरात शोधली, कारण आता शोधायला नेमका प्रश्न हातात होता. "माझं सगळं वाईट आहे" हे कुठे शोधणार?

मग तिनेच एक गोष्ट सांगितली. या गेममधला सगळ्यांत ओळखीचा प्राणी, हिरवा क्रीपर, चुकून जन्मला. गेम तयार करणारे मार्कुस पेर्सॉन 2009 साली डुक्कर बनवत होते. लांबी आणि उंचीचे आकडे अदलाबदल झाले आणि डुक्कर उभंच राहिलं. त्यांनी ते फेकलं नाही. मी विचारलं, "तू काय केलं असतंस?" ती हसली, उत्तर दिलं नाही. मी एवढंच ठरवून घेतलं की पुसायचं नाही. बिघडलेली फाइलसुद्धा क्रमांक घालून ठेवायची.

ड्रॅगनही बाजूला ठेवायला सांगितला. त्याला वाईट म्हणून नव्हे. ड्रॅगन कोणी पाहिलेला नाही, त्यामुळे ताडून बघायला इंटरनेटवरच्या तरबेज लोकांचेच ड्रॅगन उरतात, आणि तिथे नवशिका कायम हरतो. वैशालीच्या घरी गवळाऊ बैलांची जोडी आहे, हा आमच्या वर्धा-नागपूरकडचा गोवंश. शिवाय फळीवर धाकट्या भावाचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. त्या बैलात सुताराने काय ठेवलं आणि काय गाळलं ते तिने पट्टी घेऊन मोजलं: डोकं धडाच्या किती, पाय किती उंच. त्यावरून धड, डोकं, वशिंड आणि चार पाय एवढेच ठोकळे, मापं पूर्ण आकड्यांत. रंग आधी प्रत्येक ठोकळ्याला एकच. लांबून पाहिल्यावर बैल वाटला तरच पुढे जायचं. छटा तीनच: पाठ उजळ, पोट गडद, मधली बाजू मधली. पूर्वी ती ठोकळ्याच्या प्रत्येक बाजूच्या चारही कडा काळ्या करत असे, त्याने ड्रॅगन उशांचा ढीग दिसायचा.

खरी कलाटणी मात्र बाबांनी दिली. चहा पिता पिता त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "वशिंड मांगं गेलं. खांद्यावर घे. अन् बैलाची मान पाठीपेक्षा काळपट राह्यते, पाह्यलं नाही का कधी?" वैशालीने हे मला सांगितलं तेव्हा ती अजिबात दुखावलेली नव्हती. या माणसाने कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नाही, पण चूक कुठे आहे आणि ती कुठे सरकवायची हे दोन वाक्यांत सांगितलं. अशी टीका मी तरी व्यावसायिक शिक्षकांकडूनही फार क्वचित ऐकली आहे. पुढचे तिचे रकाने बाबांच्या धाटणीचे झाले, "शिंगं लांब झाली, आखूड कर" असे.

आईचा दुसरा प्रश्न होता पैशांचा. अशा कामावर पोट भरणारे लोक आहेत, हे मी सांगितलं. पण अकरावीतल्या मुलीच्या पहिल्या बैलाकडे नोकरी म्हणून पाहायला मी साफ नकार दिला. वर्ष वाया जाईल ही भीती खोटी नाही, पण तिचं मूळ जागरणात होतं, ठोकळ्यांत नव्हतं. रात्री दहाला लॅपटॉप आईच्या कपाटात, परीक्षेच्या महिन्यात फक्त रविवारी, असं तिघांनी माझ्यासमोर ठरवलं. दहाच्या वेळेवरून घरात अजून कुरबुर होते. बैल चालायला लागलाय, शेपटी मात्र अजून काठीसारखी ताठ हलते, आणि ते चालीच्या रकान्यात लिहिलेलं आहे.