प्रक्रिया नव्हे, प्रवर्ध!

प्रश्न असा आहे: ‘हाडाच्या ज्या टोकाला स्नायू चिकटतो, त्याला मराठीत “प्रक्रिया” म्हणतात का? “मॅस्टॉइड प्रक्रिया” असं वाचलं. आणि ट्यूबरकलला काय म्हणावं?’

नाही म्हणत! यांत्रिक भाषांतराचा हा प्रताप हल्ली सारखा डोळ्यांत खुपतो. कानामागे बोट लावा, टणक फुगवटा लागेल, तो मॅस्टॉइड. तिथे कसली प्रक्रिया चाललीय? इंग्रजी ‘प्रोसेस’चं मूळ लॅटिन ‘प्रोसेसस’, म्हणजे पुढे सरकणं. हाडाच्या बाबतीत पुढे आलेला भाग. त्याला आपल्याकडे ‘प्रवर्ध’ आहे, आणि तो लॅटिनपेक्षा सरस आहे असं माझं मत. तान्ह्या बाळाला कानामागचा हा प्रवर्ध जवळपास नसतोच. बाळ मान धरू लागतं, मानेचा स्नायू तिथे ओढ देत राहतो आणि हाड वाढतं. प्र आणि वृध्, झाला प्रवर्ध.

पण खरी गंमत खांद्यात आहे. कॉलरबोनच्या खाली, खांद्याच्या बाजूला बोट जरा खोल दाबा. हुळहुळणारं हाड लागेल, तो ‘कोराकॉइड’. ग्रीक ‘कोराक्स’ म्हणजे डोमकावळा; हे हाड त्याच्या चोचीसारखं वाकलेलं. बायसेप्सचं एक मूळ याच चोचीला धरून असतं. आपल्या परिभाषाकारांनी त्याला नाव दिलं ‘अंसतुंड’. तुंड ठेवलं आणि कावळा उडवून लावला! अंस म्हणजे खांदा, तुंड म्हणजे तोंड किंवा चोच. आता खांद्याला तुंड कुणाचं? वक्रतुंडाचं? सुश्रुतसंहितेतली 24 स्वस्तिकयंत्रं, म्हणजे शल्यक्रियेचे चिमटे, पशुपक्ष्यांच्या तोंडांवरून ओळखली जातात, त्यांत काकमुखही आहे. मग ‘काकतुंड’ म्हणताना संकोच कसला?

कोराक्स, काक, कावळा: तिघांनाही नाव त्या पक्ष्याच्या घशातूनच मिळालं, हे मी कुणाशीही भांडून सांगेन.

दुसरा कावळा कोपरात बसलाय, ‘कोरोनॉइड’. त्याचा अर्थ ‘मुकुटासारखा’ असा देणाऱ्या कोशकारांनी ते हाड एकदा हातात घेऊन पाहावं. ग्रीक ‘कोरोने’ म्हणजे कावळा, आणि कुठलीही बाकदार वस्तूसुद्धा. मुकुटाचा लॅटिन ‘कोरोना’ त्यातूनच निघाला. म्हणजे मुलाचं नाव बापाला लावलं की हो!

हां, ट्यूबरकल, म्हणजे हाडावरचा छोटा गोलसर फुगवटा, राहिलाच. साधं ‘उंचवटा’ म्हणा. ‘गाठ’ म्हणू नका, ऐकणारा उगाच घाबरतो.